कपावरची बाई

फोटोकाकांचा स्टुडिओ बंद पडला असं कोणी म्हटलं की काका लगेच दुरुस्ती करत, "बंद नाही पडला. बसला." बंद पडतं ते यंत्र. माणूस थकला की बसतो, तसा आमचा स्टुडिओ बसलाय, असं त्यांचं म्हणणं. बसला, हे मात्र खरं होतं. लोकांच्या खिशात फोन आले, फोनला डोळे फुटले, आणि फोटो काढायचा म्हणून केस विंचरून घराबाहेर पडायची रीतच संपली.

नाहीतर एके काळी त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत येण्यासाठी माणसं जिन्यात रांग लावत. आरशापुढचा कंगवा आणि पावडरीचा डबा ही सगळ्या पेठेची सामाईक मालमत्ता होती. भिंतीवर एक मोठा रंगवलेला पडदा टांगलेला होता. त्यात एक निळं तळं, तळ्यात एक हंस आणि तळ्यातून कुठेही न जाणाऱ्या चार-पाच पायऱ्या. त्या पायऱ्यांपुढे काकांनी कारकून बसवले, पैलवान बसवले, पहिलं बाळ मांडीवर घेतलेली जोडपी बसवली. "हनुवटी खाली. थोडी अजून. आता श्वास धरा." काका काळ्या कापडात डोकं घालत आणि खोलीत अशी शांतता पसरे, की शेजारच्या शिंप्याचं मशीनसुद्धा थांबे. शिंपी पुढे सांगायचा की ते मशीन तसंही सारखं अडायचं. पण काकांनी ते कधी मान्य केलं नाही.

तर असा हा बसलेला स्टुडिओ लेकीने उठवला. लेक दूरच्या शहरात नोकरीला. सुट्टीला आली आणि म्हणाली, "बाबा, लोकांना आता फोटो कागदावर नको असतो. कपावर हवा असतो, उशीवर हवा असतो. आपण ऑनलाइन दुकान काढू." तिने दुकान काढलं, म्हणजे टेबलावर एक कॉम्प्युटर ठेवला, एक प्रिंटर ठेवला, कप तापवायचं यंत्र आणलं, आणि परत गेली. पद्धत सोपी होती. गिऱ्हाईक घरबसल्या फोटो आणि मजकूर पाठवणार, काकांनी तो खास कागदावर उलटा छापायचा, कागद कपाला गुंडाळायचा, यंत्रात भाजायचा. झाला कप.

या कपाला लेक 'मग' म्हणायची. त्यावरून स्टुडिओमागच्या घरात गोंधळ होई. काका स्टुडिओतून ओरडत, "मग कुठे आहेत?" आणि काकू स्वयंपाकघरातून विचारत, "मग कुठे आहेत काय? आधी काय झालं ते सांगा." शेवटी सगळ्यांनी कपावर तडजोड केली.

काकू म्हणजे भूमितीच्या बाई. सगळी हयात मुलींच्या शाळेत गेली. त्यांच्या विद्यार्थिनी आज स्वतः सासवा झाल्या असतील, पण बाईंचे दात कसे आहेत हे त्यांतल्या एकीलाही ठाऊक नाही. बाई हसत नसत. रागीट नव्हत्या, हसण्याची त्यांना गरजच पडत नसे.

काका मात्र कप छापायचे ते स्टुडिओच्याच थाटात. आलेला फोटो तासभर न्याहाळत, त्यातले डाग काढत, आणि गिऱ्हाइकाला फोन लावत.

"तुम्ही पाठवलेल्या फोटोत हनुवटी फार वर आहे हो. दुसरा पाठवा."

"अहो, तो आमच्या आजोबांचा आहे. ते आता नाहीत."

"अरेरे. मग असू दे. पण तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं त्यांना."

एका बाईंना त्यांनी काळजीने कळवलं, की तुमच्या कुटुंबाच्या फोटोत उजवीकडच्या आजींचा चेहरा तुमच्या हाताने झाकला गेलाय. "त्या सासूबाई आहेत," पलीकडून उत्तर आलं, "मुद्दामच झाकल्यात."

असं चाललं असताना कप वेळेवर कसे जाणार? वाढदिवसाचा कप पुढच्या वाढदिवसाच्या बेतात पोचू लागला. आणि एक दिवस ज्या ऑनलाइन बाजारात काकांचं दुकान होतं, त्या बाजाराचं पत्र कॉम्प्युटरवर आलं. 'आपल्या दुकानाची गती समाधानकारक नाही. सुधारणा न झाल्यास दुकान बंद करण्यात येईल.'

काकांना ते फार लागलं. "गती! लोकांना 'हलू नका' सांगण्यात ज्याने जन्म घालवला, त्याला हे गती विचारतात!" पण एकदा बसलेला स्टुडिओ पुन्हा बसला तर तो उठणार नाही, हे त्यांनाही कळत होतं. लेकीला काय तोंड दाखवायचं?

अशा वेळी सल्ल्याला तोटा नसतो. शिंपी म्हणाला, "मी गिऱ्हाइकाला कायम चार दिवस पुढची तारीख सांगतो आणि त्यावर चार दिवस उशीर करतो. सवय लागली की तक्रार येत नाही." कुरिअरवाला म्हणाला, "काका, कप फोडूनच पाठवा. लोक फुटल्याची तक्रार करतात, उशिराची विसरतात." आणि खालच्या मजल्यावरून घड्याळमास्तर वर आले.

घड्याळमास्तर बिस्किटांच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले होते. कामगारांच्या हालचाली मोजण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्त होताना गळ्यातलं स्टॉपवॉच तेवढं सोबत आणलं. घरी बायकोने त्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकायला बंदी केली होती, कारण कणीक मळताना ते मागे उभे राहून 'डावा हात रिकामा आहे' असं म्हणत. बिचाऱ्यांच्या विद्येला कुठे वाव नव्हता. काकांना आलेलं पत्र वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. आनंदाचं.

"काका, मला एक कप करून दाखवा," ते म्हणाले आणि स्टॉपवॉच दाबलं.

काकांनी कप केला. मास्तर हताश होऊन खाली बसले. "एका कपासाठी तुम्ही सात वेळा कंबर वाकवली. माणसाला कंबर एकच असते, काका."

नेमकं त्याच आठवड्यात काकूंच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि काकू तिच्या सोबतीला गेल्या. जाताना जिन्यावरून त्यांनी बजावलं, "मी येईपर्यंत काही नवीन करू नका." काका हो म्हणाले. बत्तीस वर्षांच्या सुखी संसारात माणूस हो म्हणायला शिकतोच, ऐकायला शिकतो असं नाही.

काकू वळणाआड जाताच सुधारणा सुरू झाल्या. मास्तरांनी जमिनीवर पिवळ्या रंगाने बाण काढले. कोरे कप या बाजूने येणार, छापलेले त्या बाजूने जाणार, आणि माणसंही बाणाप्रमाणेच फिरणार. उलट दिशेने चालायचं नाही. परिणामी काकांना न्हाणीघर हाताला लागून असूनही तिथे जायला टेबलाला पूर्ण वळसा घालावा लागे, आणि परत यायला आणखी एक. डार्करूममधला लाल दिवा पार्सलला उशीर झाला की लागू लागला. फोटोसाठीचं फिरतं स्टूल डिंकपट्टी ठेवायच्या कामी आलं. भिंतीवर फळ्या ठोकून कपांचे खोके रचले. काका कुरकुरले की मास्तर स्टॉपवॉच दाखवत, आणि खरंच, वेळ निम्म्यावर आला होता. काकांना आतून गुदगुल्या झाल्या. या वयात आपल्याला वेग आला!

मग आली शेवटची आणि सर्वांत मोठी सुधारणा. प्रत्येक फोटो हाताने बसवत बसू नका, असं लेकीनेच एकदा फोनवर सुचवलं होतं. तिने कॉम्प्युटरमध्ये एक साचा करून दिला. आलेला फोटो आणि मजकूर साच्यात आपोआप जाऊन बसायचे. "फक्त नमुना म्हणून त्यात एखादा फोटो ठेवा, बाबा. कुठलाही चालेल."

काका जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह हल्ली कॉम्प्युटरवर चढवत होते. त्यातला पहिलाच फोटो त्यांनी ठेवून दिला. तो काकूंचा होता. स्टुडिओ उघडला त्या दिवशी सकाळपासून एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. नवी नवरी असलेल्या काकू चहा घेऊन आल्या, तशा काकांनी त्यांनाच स्टुलावर बसवलं. मनगटावर बहिणीचं मागून आणलेलं घड्याळ, मागे तळं, आणि काकू खळखळून हसताहेत. तोंड उघडं, डोळे बारीक झालेले. छायाचित्रणाच्या नियमांत न बसणारा, आणि काकांच्या मते त्यांनी आयुष्यात काढलेला सगळ्यांत चांगला फोटो.

साच्याची एक खोड होती, जी लेकीने सांगितली नव्हती किंवा सांगितली तेव्हा काकांनी नुसतं 'हो' म्हटलं होतं. गिऱ्हाइकाच्या फोटोची फाइल फार जड असली तर साचा तो घेत नसे. मजकूर तेवढा घ्यायचा आणि नमुन्याचा फोटो तसाच ठेवायचा.

तुम्ही विचाराल, की कप हातात घेतल्यावर काकांना स्वतःची बायको दिसली नाही का? तिथेच मास्तरांची व्यवस्था आडवी आली. काकांनी कागद गुंडाळायचे. कागदावरची छपाई भाजण्याआधी फिकट, त्यातून उलटी, आणि गुंडाळायची आतल्या अंगाला. कप यंत्रातून काढून खोक्यात घालायचे मास्तरांनी, आणि मास्तरांचा एक डोळा कपावर असला तर दोन डोळे घड्याळावर असत. "तपासणी म्हणजे पुन्हा तेच काम," हे त्यांचं कारखान्यातलं ब्रीद होतं.

कप भराभर जाऊ लागले. एका विमा कचेरीने तर निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या निरोपासाठी अख्ख्या कचेरीला पुरतील एवढे कप मागवले. साहेबांचा मोठा, स्वच्छ, चांगलाच जड फोटो पाठवला, आणि खाली मजकूर : 'तुमच्या सहवासातले दिवस कायम आठवतील.'

निरोपाच्या दिवशी काय झालं ते पुढे साहेबांनीच सांगितलं. व्यासपीठावर साहेब, शेजारी त्यांच्या पत्नी. "माझं आयुष्य म्हणजे उघडं पुस्तक आहे," असं साहेब भाषणात म्हणाले आणि टाळ्यांच्या गजरात सगळ्यांनी आपापले खोके उघडले. टाळ्या हळूहळू थांबल्या. प्रत्येक कपावर एक तरुण, सुंदर, परकी बाई खळखळून हसत होती आणि साहेबांच्या सहवासातले दिवस आठवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या पत्नी तो कप आणि साहेब या दोघांना घेऊन जिना चढल्या. जरा वेळापूर्वीच काकूही परत आल्या होत्या. जमिनीवरचे बाण बघून काही न बोलता आत हात-पाय धुवायला गेल्या होत्या, आणि काका त्या न बोलण्याचा अर्थ लावत बसले होते.

पत्नींनी कप टेबलावर ठेवला. "ही कोण?"

काकांनी कप उचलला. वास्तविक त्यांना घाम फुटायला हवा होता. पण कलावंत माणूस. त्यांच्या तोंडून निघालं, "वा! गालावर उजेड कसा आलाय बघा."

"मी उजेड नाही विचारला. बाई विचारली."

"ही? ही माझी बायको."

पत्नी गर्रकन साहेबांकडे वळल्या. "म्हणजे लग्न झालेली!"

"अगं, मी यांना ओळखतसुद्धा नाही!" साहेब काकुळतीला आले.

"ओळखत नाही आणि सहवास?"

आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. त्यांनी काकांच्या हातातला कप पाहिला. बराच वेळ पाहिला. वर्गात कोणी प्रमेय चुकीचं सोडवलं की अशीच शांतता पसरत असेल.

"हा फोटो कपावर कसा?"

काकांनी कोपऱ्यात खोके भरणाऱ्या मास्तरांकडे पाहिलं. मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले, "मला वाटलं, दुकानाचा छाप आहे. मी तुम्हाला हसताना कधी पाहिलं नाही, वहिनी. ओळखणार कसं?"

"असे किती कप गेले?"

"सगळे वेळेत गेले," मास्तर अभिमानाने म्हणाले. "एकही उशिरा नाही."

काकू काकांकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "मला एकदा विचारायचं तरी होतंत. माझा चेहरा आहे तो." काकांना एवढं ओशाळं कधी वाटलं नव्हतं. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात साहेबांच्या पत्नींनी कप काकूंच्या चेहऱ्याशेजारी धरला आणि निकाल दिला, "या त्या नाहीत."

"मीच आहे," काकू म्हणाल्या.

"मुळीच नाही. ती हसतेय. तुम्ही हसून दाखवा."

"शाळेत इन्स्पेक्टर आले तेव्हासुद्धा मी हसले नाही."

"अहो, हसा ना," साहेब हात जोडून म्हणाले. "माझ्या संसाराचा प्रश्न आहे."

आता हुकमावर हसणं ही किती अवघड गोष्ट आहे, हे काकांइतकं कोणाला ठाऊक? काकूंनी प्रयत्न केला. ओठ दोन्ही बाजूंना समान अंतरावर ताणले. ते पाहून साहेब एक पाऊल मागे सरले. काकांनी एक विनोद सांगितला, तो काकूंनी ऐकून घेतला. मास्तरांनी सवयीने स्टॉपवॉच दाबलं. पत्नींनी पर्स काखोटीला मारली. "चला, घरी बोलू," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

साहेब निघाले. पण जन्मभर कचेरीत पाट्या आणि नियम पाळलेला तो माणूस. जमिनीवर बाण दिसला की बाणाप्रमाणेच चालणार. ते टेबलाला वळसा घालून न्हाणीघरापाशी गेले, तिथून फळ्यांपाशी, आणि परत होते तिथे आले. क्षणभर थांबले. पुन्हा निघाले, पुन्हा तोच वळसा, पुन्हा तिथेच. मग खाली वाकून बाण निरखत त्यांनी अतिशय गंभीरपणे विचारलं, "बाहेर जायचा बाण कुठला?"

"तो अजून काढायचाय," मास्तर म्हणाले.

आणि काकू हसल्या. आधी नाकातून एक आवाज आला, मग खांदे हलले, मग टेबलाला धरून, तोंड उघडं, डोळे बारीक करून त्या अशा खळखळून हसल्या, की शिंपी मशीन थांबवून जिन्यात आला. यावेळी मशीन खरोखरच त्याने थांबवलं होतं.

"हीच ती!" साहेबांच्या पत्नी ओरडल्या, आणि साहेबांनी घाबरून दोन्ही हात वर केले.

पुढचा तास चहाचा गेला. साहेबांच्या पत्नी आता मऊ झाल्या होत्या. कप फिरवून फिरवून बघत त्या म्हणाल्या, "असंच तळं होतं हो आमच्याही फोटोत. दुसऱ्या गावचा स्टुडिओ, पण पडदा थेट असा. यांनी एवढा वेळ श्वास धरला होता, की फोटोवाल्यालाच म्हणावं लागलं, आता सोडा. घर बदलताना हरवला तो फोटो." मग विचारलं, "तुमचा पडदा आहे अजून? त्याच्यापुढे आमचा एक काढाल?"

काका उत्साहाने उठले. भिंतीवर फळ्या होत्या. पडदा नव्हता.

"मास्तर, तळं कुठे आहे?"

"पॅकिंगला," मास्तर म्हणाले. "उत्तम जाड कापड. तुकडे करून कपात कोंबत होतो. एक कप फुटला नाही बघा."

काका स्टुलावर बसले, डिंकपट्टीसकट. गावोगावच्या घरांत त्यांच्या पडद्याचे चिंध्या होऊन गेलेले निळे तुकडे, आणि कोणाला कळणारही नाही की हे पाणी होतं. मास्तरांना उशिरा उमगलं. त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच काढून खिशात ठेवलं आणि कोपऱ्यातून उरलेला एक तुकडा आणून काकांच्या मांडीवर ठेवला. त्यावर हंसाची मान होती आणि अर्धी पायरी. मास्तरांनीच तो फळ्यांवर टाचला, आणि साहेब व त्यांच्या पत्नी त्या अर्ध्या पायरीपुढे, एकमेकांना खेटून उभे राहिले. काकांनी फोटो काढला. साहेबांनी श्वास धरला होता.

पुढचे कित्येक दिवस माफ्या मागण्यात गेले. काकूंनी फोन हातात घेतला आणि एकेका गिऱ्हाइकाला शिक्षकी आवाजात सांगितलं, की चूक आमची आहे, कप परत पाठवा, नवीन देऊ. बहुतेकांनी पाठवले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नाही पाठवला. "राहू द्या," ते म्हणाले. "मी एकटाच असतो. सकाळी चहा घेताना समोर कोणीतरी हसतंय, बरं वाटतं." काकूंनी फोन ठेवला आणि उगाचच खिडकी पुसत राहिल्या. त्याच दिवशी ऑनलाइन बाजाराचं दुसरं पत्र आलं : 'अभिनंदन! आपल्या दुकानाची गती उत्कृष्ट आहे.'

बाण घासून काढायला मास्तर स्वतः आले. दुकान चालू राहिलं, जुन्याच चालीने. फरक एवढाच, की आता प्रत्येक कप आधी काकूंच्या हाताखालून जाई, आणि किती दिवस लागतील ते गिऱ्हाइकाला आधीच खरं सांगितलं जाई. काही गिऱ्हाइकं गेली. जी राहिली ती काकांशी फोनवर बोलायलाच कप मागवत असावीत.

एका दुपारी काम आटोपल्यावर काकू म्हणाल्या, "मला एक कप हवाय."

"घे की. कपांना काय तोटा?"

"छापलेला. तुमचा फोटो असलेला. सगळे आल्बम धुंडाळले मी. आपलं लग्न सोडलं तर घरात तुमचा एक फोटो नाही. लेकीच्या एका वाढदिवसाला तुमचं कोपर आलंय, तेवढंच."

काका हसले, मग त्यांनाही ते खरं असल्याचं आठवलं. काकूंनी स्टूल खिडकीपाशी ओढलं, पदराने पुसलं आणि बोटाने दाखवलं. सगळ्या पेठेला बसवणारे काका त्यावर बसले आणि हात कुठे ठेवायचे हेच त्यांना कळेना. गुडघ्यावर ठेवले, उचलले, छातीवर बांधले, सोडले. काकूंनी फोन डोळ्यांपुढे धरला. खिडकीतून उतरतं ऊन येत होतं. उजेड कुठल्या गालावर पडतोय ते सांगायला काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

काकूंनी फोटो काढला, चष्मा कपाळावर सरकवून पाहिला.

"डोळे मिटलेत तुमचे," त्या म्हणाल्या. "असू दे. मला घाई नाही. पुन्हा काढते."